आमच्या यांचं डाएट

“डाएट सुरू केलंय,” हे म्हणाले आणि हातातला वस्तरा त्यांनी खाली ठेवला.

वकीलसाहेब खुर्चीत मागे रेलून बसले होते. एक गाल चकचकीत, दुसऱ्यावर अजून फेस. त्यांनी एक डोळा उघडला. “काय सुरू केलंय?”

“डाएट. म्हणून हात जरा थरथरतोय. काही विशेष नाही.”

मी नेमकी तेव्हाच जेवणाचा डबा घेऊन सलूनमध्ये शिरत होते. दारातच थबकले. डाएट? आणि यांनी? लग्न झाल्यापासून पोट कमी करा, पोट कमी करा म्हणून मी यांच्या कानीकपाळी ओरडतेय. डॉक्टरांनीही दम भरला. हे ढिम्म. आज सकाळीसुद्धा माझ्यासमोर बसून अंडी आणि लोणी-साखर लावलेले पाव हाणून गेले होते. मग डाएट सुरू झालं कधी, घरून सलूनला येता येता?

“वहिनी, ऐकलंत ना?” दुसऱ्या खुर्चीवरून माझे धाकटे दीर म्हणाले. “दादा डाएटवर. म्हणजे तो डबा आता माझा.” भाऊजी आमचे काडी पैलवान. दोन माणसांचं जेवतात आणि अंगाला काही म्हणून लागत नाही.

“अहो, तुमचं डाएट होईल, पण माझा कान जाईल त्यात!” वकीलसाहेब म्हणाले. “कोर्टात काय एका कानानं उभा राहू?”

सगळे हसले. हेही हसले. उरलेला गाल भाऊजींनी उरकला आणि वकीलसाहेब गालावरून हात फिरवत, कुरकुरत गेले. ‘त्या हाताची सर नाही,’ असं दारातून बाहेर पडताना ते बोललेच.

ते खोटं नव्हतं. हे सलून माझ्या सासऱ्यांनी थाटलं आणि हात थकल्यावर वस्तरा यांच्या हवाली केला. तेव्हापासून यांच्या हातून कुणाला ओरखडा उठलेला मी पाहिला नाही. फळीवर तुरटीचा खडा आहे, तो शोभेला. लोक यांच्या हाताखाली झोपी जातात. गिऱ्हाईक घोरायला लागलं की हे माझ्याकडे बघून भुवई उडवतात, म्हणजे दाढी जमली. पैसा-अडका, मानमरातब, कशाचं म्हणून यांना वेड नाही. पण त्या वस्तऱ्याचा गर्व मात्र आहे, आणि मी तो कधी मोडला नाही. तो वस्तरा काढून घेतला तर हे दिवसभर करतील काय, याची मला कल्पनाच करवत नव्हती.

असो. मी यांचा शब्द खाली पडू दिला नाही. त्याच संध्याकाळी ताटात उकडलेली गाजरं, उकडलेला कोबी आणि पाण्यासारखं सूप वाढलं.

“हे काय?” यांनी विचारलं.

“डाएट.”

“अगं, ते मी… म्हणजे हळूहळू…”

“हळूहळू काही नाही. चारचौघांत बोललात ना? मग आता माघार नाही. मला तर बाई इतका आनंद झालाय!”

यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि त्यात एक गाजर घातलं. चेहरा बघण्यासारखा होता. स्वतःच बोलून बसले होते, सांगतात कुणाला!

पुढचे दिवस मात्र हसण्यासारखे नव्हते. हे खुर्चीतून उठले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. कपाळावर घाम, पायात गोळे, तोंडाला चव नाही. जिभेवर साखर ठेवणारा माणूस एका बिस्किटावरून सख्ख्या भावाशी भांडला. हाताचं तर विचारूच नका. शर्टाची बटणं लावता लावता कंटाळून तसेच उघड्या गळ्यानं निघायचे. वस्तऱ्याची गिऱ्हाइकं भाऊजींकडे आणि हे नुसते कात्री-कंगव्यावर. शेजारची नर्स म्हणाली, “काकू, घाबरू नका. सुरुवातीला होतं असं. खाणं एकदम तोडलं की अंग गळून जातं, हातापायाला कापरं भरतं. होईल सवय.” मी मन घट्ट केलं.

ते घट्ट मन जिन्यात विरघळलं. मी भाजी घेऊन वर येत होते आणि हे मधल्या पायरीवर बसलेले, पांढरेफटक. एक बूट पायात, एक बाजूला.

“अगं, जरा हात दे,” म्हणाले. “पाय लटपटतायत.”

“जळो ते डाएट!” मी ओरडलेच. “चला वर, आधी पोटभर जेवा. मला नकोय बारीक नवरा.”

“नाही नाही. लोकांना सांगितलंय आता. डाएट चालू राहू दे.”

मला नवलच वाटलं. चहाबरोबर बिस्कीट नसलं तर रुसणारा हा माणूस, आणि त्या कोबीला असा चिकटून बसलाय! पण हट्टाला पेटले की हे माझ्या बापाचंही ऐकणारे नव्हेत. मग मी माझा मार्ग काढला. सूपमध्ये लोण्याचा गोळा सोडला. वर साय घोटून घातली. गाजरं लोण्यातच परतली आणि वरून पाण्याचा हबका मारला, उकडल्यासारखी दिसावीत म्हणून. लिंबाच्या पाण्यात साखर ढवळली, चांगली मूठभर.

“सूप आज दाट झालंय,” हे म्हणाले.

“भोपळा जास्त पडला.”

वाडगा बोटानं पुसून खाल्ला यांनी. चार दिवसांत तोंडावर तेज आलं. जिना न थांबता चढायला लागले, चक्कर गेली, घाम गेला. औषधाच्या दुकानात वजन करून आले आणि म्हणाले, “त्यांचा काटा बिघडलाय. डाएट करूनही वजन वाढलेलं दाखवतोय.” मी आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. इतका अभिमान वाटला मला स्वतःचा! म्हटलं, नवऱ्याचा शब्दही राहिला आणि नवराही राहिला.

मग ती सकाळ आली. मी ओट्याशी उभी, पाठ यांच्याकडे. हे टेबलाशी चहा पीत होते. मागून आवाज आला. बशीवर कप वाजत होता. बारीक, सारखा, न थांबता.

मी वळून पाहिलं. यांनी कप दोन्ही हातांनी धरला होता.

यांच्या पोटात काय होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? रात्रीचं लोण्याचं सूप. सकाळचं सायीचं दूध, त्यात कुस्करलेलं केळं, वर साखर. एवढं जेवलेला माणूस भुकेनं थरथरत नाही.

मी ओट्याची कड धरली. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. सासऱ्यांची कपबशी शेवटी शेवटी अशीच वाजायची. ‘हात थकले’ असं आम्ही लोकांना सांगायचो. सलूनबाहेर खुर्ची टाकून बसायचे ते, मांडीवर टॉवेल आणि टॉवेलखाली हात, कुणाला दिसू नयेत म्हणून. जुनी गिऱ्हाइकं नमस्कार करून आत जायची. अखेर अखेर मी चमच्यानं भरवायची त्यांना, आणि दर घासाला ते म्हणायचे, “तुला त्रास गं, पोरी.” हे तेव्हा खोलीतून उठून जायचे.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वकीलसाहेबांचा गाल अर्धा राहिला, त्या दिवशी हे भरपेट खाऊन गेले होते. हात आधी थरथरला होता. डाएट मागून आलं.

“डाएट आहे ना,” माझ्याकडे न बघता हे म्हणाले. “चालायचंच.”

“हो,” मी म्हणाले. “चालायचंच.”

मोरीत जाऊन मी नळ मोठा सोडला आणि मग रडले. या माणसाला माझ्यापासूनसुद्धा लपवावंसं वाटलं, याचा राग आला. आणि लपवायला बिचाऱ्याला सापडलं काय, तर डाएट! त्यापायी निमूट कोबी चघळत बसला. माझा जीव नुसता तुटत होता.

दुपारी डबा घेऊन गेले तर वकीलसाहेब यांच्याच खुर्चीत. त्या संध्याकाळी त्यांचा कुठेसा सत्कार होता.

“आज भाऊबिऊ चालणार नाही,” ते सांगत होते. “दाढी तुमच्याच हातची हवी. जेवून आलाय ना? की मी मागवू काहीतरी?”

बाकावरचे दोघे हसले. यांनी फेस केला. ब्रशला थरथर चालते, ब्रशचं काय. मग चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवला, नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवत राहिले. वस्तरा गालाजवळ नेला आणि तिथेच थांबले. भाऊजींची कात्री थांबली. हात खाली येत नव्हता आणि गालाला लागतही नव्हता.

यांनी वर पाहिलं. आरशात आमची नजर मिळाली. खिडकीची काच फोडून उभ्या असलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता यांचा.

“वकीलसाहेब, माफ करा हं!” मी डबा आपटून पुढे झाले. “यांचा वस्तरा मी बंद केलाय. डाएट संपेपर्यंत हात लावायचा नाही म्हणून बजावलंय. तरी बघा, माझी पाठ वळली की घेतात!”

“अहो वहिनी, पण हे डाएट संपणार कधी?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“त्या पोटाकडे बघा ना जरा. इतक्यात संपतंय होय!”

सलूनभर हशा पिकला. भाऊजींनी भावाच्या हातातून वस्तरा घेतला, अगदी अलगद. हे बाजूला झाले आणि टॉवेलच्या घड्या घालू लागले. एकच टॉवेल उलगडत होते, पुन्हा घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आरशापुढून आले ते हनुवटीवर तुरटीचे पांढरे ठिपके घेऊन. एक गाल तसाच राहिलेला. मी खिडकीपाशी खुर्ची ओढली.

“बसा.”

“तुला येतं?”

“इतकी वर्षं बघतेय. बसा म्हटलं ना.”

हे बसले. मी गळ्याभोवती एक टॉवेल गुंडाळला, एक मांडीवर टाकला. यांनी हात हळूच त्या टॉवेलखाली सरकवले. मला ते दिसलं. मी फेस लावत राहिले.

“सूपमधलं लोणी मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” हे म्हणाले.

“मग बोलला का नाहीत?”

“चांगलं लागत होतं.” मग म्हणाले, “आणि मला वाटलं, काय सांगावं, खरंच भुकेनं होत असेल. तुझ्या लोण्यानं थांबेल.”

मी ब्रश खाली ठेवला. “उद्या डॉक्टरांकडे जायचं,” मी म्हणाले. “मी येणार बरोबर.”

“बाबांचं बघितलंयस ना तू?”

“बघितलंय. म्हणूनच सांगतेय. मला सगळं करता येतं.”

मी वस्तरा उघडला. हातात घेतल्यावर तो वाटला त्यापेक्षा हलका होता. पातं यांच्या कानाखाली टेकवलं आणि माझा हात असा काही कापायला लागला की काय सांगू.

“वरून खाली,” हे पुटपुटले. “मनगट सैल सोड. अगं, तुझा हात का थरथरतोय?”

“डाएट सुरू केलंय,” मी म्हणाले.

आधी यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, मग सगळा माणूसच हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येऊन फेसात उतरलं.

“हलू नका, कापेल!”

“नाही हलत,” हे म्हणाले. यांनी टॉवेलखालून दोन्ही हात बाहेर काढले, मांडीवर उघडे ठेवले आणि खुशाल थरथरू दिले. मग मान मागे टेकवली आणि डोळे मिटून घेतले.