पुरानं नेलेली हद्द

गंगाखेड तालुक्यातले मोजणीदार दिनकरराव आपल्या हट्टासाठी ओळखले जात. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते कागदावर काही लिहीत नसत. कुणी ऐकीव सांगू लागलं की म्हणत, "जे दिसत न्हाई, ते माझ्यासाठी न्हाईच."

निजामाच्या अमलात, एकोणीसशे एकेचाळीसच्या पावसाळ्यात, गोदेनं काठच्या शेतांमधले हद्दीचे दगड वाहून नेले. पूर ओसरला तशी चन्नबसम्मा आणि तिचा शेजारी आश्रुबा यांच्यात तंटा पेटला. जिथं हद्द होती, त्याच्या अगदी जवळ चन्नबसम्माच्या नवऱ्याला लिंगायत रीतीनं पुरलेलं होतं. समाधी कुणाच्या जमिनीत, हा वाद.

दिनकरराव मोजणीची साखळी घेऊन आले. बोलता बोलता म्हणाले, "दगड गेले, पण रेघ जागेवरच हाय."

चन्नबसम्मा उभी राहिली. "दाखवा."

"काय?"

"रेघ. तुमीच म्हणता ना, दिसत न्हाई ते न्हाई?"

दिनकररावांनी साखळी गुंडाळायला घेतली. दगड दाखवता आला असता, साखळी दाखवता आली असती. रेघेला ना जाडी ना वजन. ते काम अर्धवट टाकून चावडीवर परतले.

पुढचे दोन दिवस त्यांना चैन पडेना. पानावर बसत, चार घास खाऊन उठत. आपण नोकरीभर नसलेल्या वस्तूच मोजत आलो की काय? तिसऱ्या दिवशी ते एकटेच शेतात गेले. वरच्या शेतात उरलेल्या दोन जुन्या दगडांवरून साखळी टाकली, मग उलट बाजूनं टाकली. दोन्ही वेळच्या खुणा एकमेकींपासून वीतभराच्या आतच पडल्या.

त्यांनी दोघांना बोलावून घेतलं.

"अक्का, रेघ कुठं ठेवलीय असं विचाराल तर मी हरलो. ती खुंटीला टांगलेली न्हाई. पण दगड, साखळी, नकाशा धरून बोलायचं आपण ठरवलं, तर समाधी कुणाकडं हे तपासता येतं, कुणालाही. ही बोली पत्करायची का, ते तुमच्या हाती. नको असंल तर तंटा कशानं मिटवायचा ते सांगा."

"काठीनं," आश्रुबा पुटपुटला.

चन्नबसम्मानं त्याच्या हातातल्या काठीकडं पाहिलं. "मोजा," ती म्हणाली.

साखळी ताणली. समाधी आश्रुबाच्या हद्दीत चार हात आत निघाली.

मोजणी पुन्हा करा असं चन्नबसम्मा म्हणाली नाही. आश्रुबाच उलट कावराबावरा झाला. "वैनी, मी तिथं नांगर घालीन व्हय?"

"तुमी न्हाई घालणार. तुमचे नातू?"

दिनकररावांनी नकाशा उलगडला. त्यात विहिरीला खूण होती, झाडाला होती, समाधीला नव्हती. वरून हुकूम नसताना नवी खूण करणं त्यांना कधी जमलं नव्हतं. तरी आज त्यांनी टाक शाईत बुडवला. मग त्यांनी एक लहानसं वर्तुळ काढलं आणि शेजारी उर्दूत ओळ लिहिली.

"काय लिव्हलं?" चन्नबसम्मानं विचारलं.

"हे वर्तुळ म्हणजे समाधी. इथं नांगर चालणार न्हाई, आन् पूजेला वाट खुली राहील. आश्रुबा कबूल."

आश्रुबानं अंगठा उठवला. चन्नबसम्मानं अंगठ्याला शाई लावून घेतली, तरी कागदावर टेकवेना. तिनं वाकून ते वर्तुळ पाहिलं.

"लय बारीक काढलं, साहेब," ती म्हणाली. "ते अंगानं थोराड होते."

दिनकररावांनी जरा मोठं वर्तुळ काढलं. मग तिनं अंगठा टेकवला.