शेखरदादांची दृष्ट

बार्बेक्यूतले निखारे फुलले, तशा आशालतावहिनी मूठभर मीठ-मोहरी घेऊन डेकवर आल्या. घरात धूर केला तर स्मोक अलार्म बोंबलतो. इथं परदेशात, हॅमिल्टनमध्ये, दृष्टसुद्धा बाहेरच काढावी लागते.

"दोघं शेजारी बसा."

दोघं म्हणजे त्यांचे यजमान चंद्रशेखर, म्हणजेच आमच्या लॅबचे टेक्निशियन शेखरदादा, आणि तिथंच संशोधन करणारी मी, इरावती. परवा दादा लॅबमध्ये कार्बन मोनॉक्साईडनं कोसळले. मी जेवून परतले आणि त्यांना ओढत बाहेर काढलं. रात्रभर ऑक्सिजनवर राहून ते घरी आले.

"सिलिंडरचा नट मीच ढिला ठेवला असणार," दादा म्हणाले. "आता हातांचा भरवसा नाही. रिपोर्टात तसं लिहिलंय. सोमवारी राजीनामा देतो."



नट घट्ट होता. काल मी तपासला होता. वायू निसटला तो मी लावलेल्या नळीतून. प्रयोगात मी बनवत होते तो रेणू म्हणजे उघडी साखळी; टोकं जुळायला एक दुवा कमी. तो दुवा हा वायू देतो, पॅलेडियम हा धातू तो हलक्या हातानं बसवतो, आणि कडं मिटतं. त्या कड्याची मला फार घाई झाली होती. वायू मोजणारा मीटर शेजारच्या बाकावरच्या हायड्रोजनलाही फसायचा. महिनाभर उगाचच ओरडला, म्हणून त्या सकाळी मी तो बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला. या वायूला ना वास, ना रंग. दादांना सावध कोण करणार होतं?

वहिनी मूठ उतरवू लागल्या. ओठांत पुटपुटल्या, "माझ्या कपाळीचं कुंकू, परक्या लेकीनं राखलं..."

"वहिनी, थांबा. माझ्यावरून नका उतरवू."

"गप गं, हलू नकोस. मोहरी सांडेल."

"मीटर मी बंद केला होता. नळीही माझीच सुटली. नट घट्ट होता, दादा."

मूठ हवेतच राहिली. दादांनी दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"नीट आवळला होता मी?"

"हो."

"खरंच?" त्यांचे डोळे भरले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

वहिनींनी मूठ दादांवरून तेवढी उतरवली, माझ्याकडे न बघता निखाऱ्यांवर टाकली, आणि आत निघून गेल्या.

दादांनी आतून लॅपटॉप आणून माझ्या मांडीवर ठेवला. "नवा रिपोर्ट लिही. मी बसतो इथंच."

मी लिहिलं, मीटर बंद होता.

"कुणी केला, ते राहिलं," दादा हळूच म्हणाले.

मी माझं नाव लिहिलं.