डावीकडचा ठोकळा

नानांच्या तिथीला त्यांच्या जागी पित्तर म्हणून जेऊरच्या सहादेवलाच जेवायला सांगायचं, असं मच्छिंद्रनं ठरवलं तेव्हा त्याच्या आईनं, राहीबाईंनी, एकच शंका काढली.

"त्याला आणायचा कसा? जेऊरची एस्टी दुपार टळल्यावर येते. तोवर तो उपाशी अन् आपण बी उपाशी."

"मी आणते," विजयमाला म्हणाली.

मच्छिंद्रनं हातातला तांब्या खाली ठेवला. "कशानं आणतेस?"

"जीपनं."

"अक्का, मधे घाट हाय."

"ठाऊक आहे मला."

राहीबाई नातीला मांडीवर घेऊन तिला दूधभात भरवत होत्या. ती पोर दीड वर्षाची, बँकॉकला जन्मलेली. तिचा जन्म अन् नानांचं जाणं एकाच महिन्यातलं. तार हातात पडली तेव्हा विजयमालाचे दिवस भरत आले होते, विमानात कुणी घेतलं नसतं. वर्षश्राद्धालाही येणं झालं नाही. आता पितृपंधरवड्यात, नानांच्या द्वादशीला, ती पहिल्यांदा माहेरी आली होती, आणि नाना भिंतीवर फोटोत होते.

नाना म्हणजे रंगनाथ ड्रायव्हर. साखर कारखान्याची जीप त्यांनी कितीतरी वर्षं चालवली आणि कारखान्यानं ती लिलावात काढली तेव्हा तीच विकत घेतली. घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजाराला माणसं ने-आण करायची, असा पुढचा धंदा. घरात गाय होती, शेत होतं, पण नानांचा जीव जीपमध्ये. ते कधी कुणाच्या शेजारी बसत नसत. कारखान्याच्या चेअरमनचा मुलगा एकदा हौसेनं चालवायला बसला, तर नाना उतरून मागून चालत आले, अशी गोष्ट सांगत.

लग्न होऊन विजयमाला नवऱ्याबरोबर बँकॉकला गेली. राधाकृष्ण तिथं भारतीय मंडळींनी काढलेल्या सूतगिरणीत इंजिनिअर होता. घर गिरणीपासून लांब, भाजीबाजार त्याहून लांब, नवऱ्याची पाळी कधी रात्रीची. शेवटी त्यानंच तिला मोटार शिकवली. तिनं तसं घरी कळवलं, आणि तिथून पुढं नानांच्या प्रत्येक पत्रात खुशालीच्या आधी मोटार येऊ लागली.

गाडी कुठल्या हातानं चालवतात? डाव्या बाजूनंच, नाना, आपल्यासारखीच. स्टिअरिंगही उजवीकडं. 'मग अर्धं गाव आपलंच म्हण की,' असं नानांचं उत्तर. परक्या माणसाला लायसन देतात का? देतात, पण आपल्या वकिलातीकडून राहत्या पत्त्याचा दाखला आणावा लागतो, डॉक्टरांचा आणावा लागतो, आणि पाट्यांवरची अक्षरं कळली नाहीत तरी आकडे तरी शिकून घ्यावे लागतात. पोलिसानं अडवलं तर? हसायचं, नाना. आवाज चढवला की संपलं. तिथं रागावलेल्या माणसाचं कुणी ऐकत नाही. हे वाचून नाना म्हणाले होते म्हणे, "आपल्या नगरच्या पोलिसाला हसून दाखव म्हणावं."

लायसनवर साल होतं पंचवीसशे तेरा. तिथली कालगणना बुद्धापासूनची. तिनं लायसनचा फोटो काढून पाठवला, तर नाना तो खिशात घालून घोडेगावच्या बाजारात हिंडले. बैलाचे दात बघायला वाकलेल्या माणसालाही उठवून त्यांनी तो दाखवला. "माझी लेक पंचवीसशे तेरात गाडी चालवती. तुमी बसा एकोणीसशे सत्तरात, शेपट्या पिरगाळीत!"

एक गोष्ट मात्र त्यांना मुळीच पटली नव्हती. चौकात देऊळ आलं की तिथले टॅक्सीवाले चाक सोडून दोन्ही हात जोडतात, असं तिनं लिहिलं होतं. 'चाक सोडून नमस्कार?' नानांनी लिहिलं. 'त्यांच्या देवाला सांग, आमच्याकडं देवळापुढं हॉर्न दिला की भागतं.'

आणि मग विचारलं होतं, 'तिथं घाट आहे का?'

घाट नव्हता. बँकॉक तळहातासारखं सपाट. चढ म्हणायचा तर कालव्यांवरचे पूल. 'मग तुझं लायसन निम्मंच,' नानांनी लिहिलं. 'तू आलीस की इमामपूरच्या घाटानं मला शेजारी बसवून आण. उरलेलं निम्मं मी देईन.'

हे राहून गेलं होतं. माणूस गेल्यावर पुष्कळ गोष्टी राहून गेल्याचं कळतं, पण विजयमालाच्या मनात दीड वर्ष ही एकच रुतून बसली होती. आता दसऱ्यानंतर जीप जाणार होती. गिऱ्हाईक ठरलं होतं, पितृपंधरवड्यात व्यवहार नको म्हणून फक्त थांबले होते. आणि दसऱ्याआधी विजयमाला परत जाणार होती.

द्वादशीला सकाळी मच्छिंद्रनं अन् शेजारच्या दोघांनी जीप गोठ्याबाहेर ढकलली. बसताना तिनं सवयीनं चपला काढून मागं टाकल्या. तेव्हाच तिला डावीकडच्या सीटपुढं, पाय ठेवायच्या जागी, एक लाकडी ठोकळा दिसला. बाभळीचा, तिरका तासलेला, दोन बोल्टांनी पत्र्याला आवळलेला.

"हे काय रे?"

"काय म्हाईत. नानांनीच बसवलाय. शेजारी बसणाऱ्याला नुसता नडतो. घेणारा बी म्हणत हुता, काढून द्या."

तिनं गाडी सुरू केली.

जाताना चढ होता. दोनदा गाडी बंद पडली, एकदा मागं सरकली, मागून आलेल्या ट्रकवाल्यानं तिला बघून क्लीनरला उठवलं अन् दोघांनी मिळून बघितलं. पण चढ चढून झाला. जेऊरच्या स्टँडवर सहादेव धुतलेलं धोतर अन् कडक टोपी घालून उभा होता. पूर्वी तो नानांचा क्लीनर होता, पुढं स्वतः ट्रकवर ड्रायव्हर झाला. आता दाढी पांढरी झाली होती.

"मच्छिंदर कुठंय?"

"घरी. मीच आलेय, सहादेवकाका."

"घाट चढून?" तो जीपभोवती एक फेरी मारून आला, जणू कुठं मोडतोड झाली आहे का बघत होता. "विजू, मी सकाळपास्नं उपाशी हाय. उपाशी माणसाला आसं भ्या घालू न्हाई."

"बसा. आज तुम्ही माझे वडील आहात."

"व्हय की!" तो डावीकडं चढून बसला. "मग बाप म्हणून सांगतो, हळू हाण."

पहिला मैलभर तो टोपी धरून बसला. रस्त्यात बैलगाडी आली. विजयमालानं वेग कमी केला आणि बैलगाडी बाजूला होण्याची वाट बघत मागं राहिली. गाडीवान विडी ओढत मजेत चालला होता.

"हॉर्न मोडलाय का?" सहादेवनं विचारलं.

"नाही. तिकडं हॉर्न वाजवत नाहीत, काका. वाजवला की शिवी दिल्यासारखं होतं."

"अन् हितं न्हाई वाजवला तर ह्या गाडीवानाच्या मागं मागं आपण उद्याच्याला पोचू. तवर तुझा बाप उपाशी मरंल दुसऱ्यांदा. दे शिवी!"

तिनं हॉर्न दाबला. बोलून गेल्यावर सहादेवनं जीभ चावली, पण ती हसली होती. माहेरी आल्यापासूनचं ते तिचं बहुधा पहिलं हसू होतं.

मग घाटाचा उतार लागला आणि हसू गेलं. खाली वळणं, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दगडी कठडे, मधेमधे ढासळलेले. यंदा पाऊस झाला होता, कातळातून पाणी झिरपत होतं. जीप तिसऱ्या गिअरात होती आणि वेग घेत होती. विजयमालानं ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. बँकॉकच्या पुलांवर एवढंच लागत असे. इथं उतार संपतच नव्हता. रबर जळल्यासारखा वास आला.

तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. सहादेवचा उजवा पाय त्या बाभळीच्या ठोकळ्यावर होता आणि ती ब्रेक दाबायच्या आधी तो दाबत होता. बोटं पांढरी होईस्तोवर.

"काका, हा ठोकळा कशाचा?"

"आधी गाडी दुसऱ्यात टाक, मग सांगतो."

तिनं दुसरा गिअर टाकला. जीप मोठ्यानं गुरगुरली आणि सावरली. सहादेवनं श्वास सोडला.

"उस्तादाचा हाय त्यो, तुझ्या बापाचा. जायच्या आधीच्या दिवाळीत मला बोलावलं. म्हणला, सहादेवा, तू चालव, मी डावीकडं बसतो. मला वाटलं थट्टा करतोय. उस्ताद डावीकडं? पन बसला. वर जेऊरपत्तुर अन् खाली. दुसऱ्या दिशी पुन्हा. हात मांडीखाली दाबून बसायचा, का तर ते चाकाकडं जात्यात. हात गप ऱ्हायले, पन पाय काय ऐकंना. मोकळ्या पत्र्यावर ब्रेक मारायचा. मंग घरी जाऊन ह्यो ठोकळा ठोकला. म्हणला, ह्याला काय दाबायचं ते दाबंन, पोरीला कळणार न्हाई."

विजयमाला रस्त्याकडं बघत होती. रस्ता दिसत होता, एवढं पुरे होतं.

"तोंडाची बी सवय करत हुता," सहादेव म्हणाला. "मी मुद्दाम वाकडीतिकडी हाणायचो, अन् ह्यो गप. म्हणला, विजू चालवंल तवा माझ्या तोंडातनं शबूद जाता कामा न्हाई. बापानं टोकलं की लेकीचा हात कापतो."

खालचं वळण आलं. वळणावर कातळाला टेकून एक लहानसं देऊळ होतं. सहादेवनं टोपीला हात लावला. विजयमालाची बोटं चाकावर घट्ट होती, हॉर्नपर्यंत गेलीच नाहीत.

खाली सपाटीला लागल्यावर तिनं विचारलं, "ते असते तर काय म्हणाले असते?"

सहादेवनं टोपी सारखी केली. "त्ये मी कसं सांगू, पोरी? मी जेवायचा पित्तर. त्याच्या जागी घास घेईन. लायसन द्यायचा हक्क मला न्हाई."

तिला वाईट वाटलं, पण खोटं बोलला असता तर अधिक वाटलं असतं.

घरी मच्छिंद्रनं त्याचे पाय धुतले, राहीबाईंनी गंध लावलं. ताटात नानांना आवडणारी खीर, भरडाचे वडे, कढी, गवार-भोपळ्याची भाजी. सहादेवनं पहिला घास उचलला तेव्हा राहीबाईंनी पदर तोंडाला लावला. नात त्याच्या पुढ्यात जाऊन बसली आणि तिनं त्याच्या ताटातला वडा उचलला. कुणी तिला ओढलं नाही. "खाऊ द्या," राहीबाई म्हणाल्या. "तिचा आजा हाय त्यो आज."

ऊन उतरल्यावर मच्छिंद्र पाना घेऊन आला. "अक्का, ठोकळा काढू का आत्ताच? काकाला पोचवायला मी जातो."

"नको. मीच जाते," ती म्हणाली. मग ठोकळ्याची गोष्ट तिनं त्याला तिथंच उभ्या उभ्या सांगितली. मच्छिंद्रनं पाना धोतराला पुसला, पुसण्यासारखं त्यावर काही नसताना. "घेणाऱ्याला सांगतो, ठोकळ्यासकट घ्यायची असंल तर घे," तो म्हणाला.

सहादेवला तिनं जेऊरच्या स्टँडवर उतरवलं. "आता मी तुझा बाप न्हाई," तो म्हणाला, "पन जपून जा."

परतताना ती एकटी होती. घाटाच्या तोंडाशी तिनं जीप थांबवली, गाडी दुसऱ्या गिअरात घातली आणि मग सोडली. ब्रेकवरचा पाय उचलून बाजूला ठेवला. जीप आपल्याच गुरगुरण्यावर पेलून, म्हातारी कठडा धरून उतरते तशी उतरू लागली. पहिलं वळण, दुसरं वळण. कातळावर संध्याकाळ पिवळी पडली होती. खालच्या शेतांतून बाजरीचा वास वर येत होता.

देवळापाशी तिनं हॉर्न दिला. एकदाच, लांब. कातळानं तो परत दिला.

मग उतार संपला, गाडी सपाटीला लागली, आणि तेव्हा कुठं तिनं डावीकडं पाहिलं. सीट रिकामी होती. सगळ्या घाटात ठोकळ्यावर कुणाचाही पाय पडला नव्हता, आणि ब्रेकवर तिचाही.