चोवीस पॉवरचा स्कोप

मी तोंडाने फटकळ आहे हे आमच्या शेठला मला नोकरीवर घेतानाच कळलं होतं. म्हणून त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की गिऱ्हाइकासमोर मधूने तोंड उघडायचं नाही. खडकीच्या लष्करी वर्कशॉपात बारा वर्षं दुर्बिणी दुरुस्त करून मी दुबईला आलो होतो. देरामधल्या त्या शिकारी सामानाच्या दुकानात रायफलवर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, नीट बसवता येणारा मी एकटाच होतो, त्यामुळे माझं तोंड शेठ सहन करायचा.

अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात दौलत एक रायफल आणि तिची कागदपत्रं घेऊन दुकानात आला. दौलत गुहागरकडचा, एका बड्या अरबाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, घरी ड्रायव्हर. बुटका, जाडसर, मान खांद्यांत बसलेली. अरबाब पुढच्या आठवड्यात शिकारीला टांझानियाला निघणार होता, आणि त्याआधी शुक्रवारी त्याला पाहुण्यांसमोर पाचशे मीटरवरची लोखंडी प्लेट उडवून दाखवायची होती. आयुष्यभर उघड्या डोळ्याने नेम धरणाऱ्या माणसाचा हा पहिलाच स्कोप. निरोप एवढाच होता, सबसे बडा.

शेठने कपाटातून चोवीस पॉवरचा काढला, चोवीसपट मोठं दाखवणारा. मी त्याला आत बोलावून घेतलं.

"शेठ, इस धूप में चौबीस पॉवर किसलिए? हिरन से ज्यादा गरम हवा नाचती दिखेगी. और इसमें आँख के लिए जगह सिर्फ तीन इंच. ये मॅग्नम रायफल लात मारती है. दस पॉवरवाला दो, उसमें चार इंच मिलते हैं."

"अरबाब ने बडा बोला, तो बडा."

"पर माप? अरबाब तो आया ही नहीं."

"ड्रायवर है ना. उसी का ले लो. यल्ला, जल्दी."

स्कोप हा चष्म्यासारखा असतो. ज्याचा त्याला. गाल रायफलच्या लाकडावर टेकला की डोळा कुठे येतो ते पाहून तो पुढे-मागे सरकवायचा. डोळा फार जवळ राहिला तर रायफलचा दणका बसताना स्कोपची मागची कड भुवईत घुसते, आणि नशीब वाईट असेल तर डोळ्यात. हे सगळं माहीत असून मी दौलतच्या खांद्यावर रायफल दिली आणि त्याच्या डोळ्याला बेतून स्कोप आवळून टाकला. इथे बड्या घरातलं सगळंच ड्रायव्हरच्या हातून होतं, औषधं आणण्यापासून पोरांना शाळेत घालण्यापर्यंत, तेव्हा हेही होईल असं मी मनाला समजावलं. खरं म्हणजे मला शेठशी वाद घालायचा कंटाळा आला होता.

शुक्रवारी सकाळी शेठ मला घेऊन शहराबाहेरच्या रेंजवर गेला, तिथे मी अरबाबला पहिल्यांदा पाहिलं. साठीचा, ताडमाड उंच, आणि मान दौलतपेक्षा वीतभर लांब.

त्यातून तो उभा राहून मारणार नव्हता. वाळूवर गालिचा अंथरला होता, पुढे रायफल टेकवायला वाळूची पिशवी. अरबाब पालथा झोपला. झोपल्यावर माणसाचं डोकं आपोआप आणखी पुढे सरकतं. त्याचा डोळा काचेपासून जेमतेम दोन बोटं राहिला.

"शेठ," मी कुजबुजलो, "आँख फूटेगी उसकी."

शेठने माझी बाही धरली. "चुप. आधा इंच इधर-उधर चलता है."

मी दौलतकडे पाहिलं. तो गाडीपाशी उभा होता, चेहरा पांढराफटक. त्याच्या आधीच्या ड्रायव्हरने गाडीचं दार अरबाबच्या शिकारी ससाण्याच्या शेपटीवर लावलं होतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानात त्याला बसवलं होतं. इथे तर खुद्द अरबाबचा डोळा होता. माप कुणाचं घेतलं हे शेठ पहिल्या पाच मिनिटांत सांगून मोकळा झाला असता.

अरबाबने बोल्ट पुढे लोटून गोळी भरली. बोट घोड्यावर गेलं.

"रुको!"

माझाच आवाज होता. पुढे होऊन मी स्कोपच्या तोंडावर पंजाही ठेवला. तीन पाहुणे उठून उभे राहिले. शेठ अरबीत कसली तरी माफी मागायला लागला.

अरबाबने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. जुन्या दुबईकरांसारखं त्याला हिंदी चांगलं येत होतं. "चालीस साल से मारता हूँ," तो शांतपणे म्हणाला.

"स्कोप से नहीं मारा, अरबाब. आपकी आँख बहुत पास है. चोट लगेगी."

"किसने लगाया?"

"मैंने."

"किसका माप लिया?"

गाडीपाशी दौलतने डोळे मिटून घेतले. मला त्याची दया आली, स्वतःची लाज वाटली, आणि शेठचा असा राग आला की विचारू नका.

"मेरा," मी म्हणालो.

अरबाब उठून बसला. आपला गाल लाकडावर जिथे टेकला होता तिथे त्याने नखाने रेघ ओढली. मग रायफल माझ्यापुढे सरकवली.

"तुम्हारा माप, तो तुम मारो. गाल इधर. कुछ नहीं हुआ, तो मैं मारूँगा. और तुम जाओ अपने मुल्क."

मी झोपलो. गालिचा तापला होता. गाल रेघेवर ठेवला आणि समोर काळं कडं दिसलं, मधोमध पैशाएवढा उजेड. त्या उजेडात प्लेट पाण्यात पडल्यासारखी हलत होती. काच माझ्या पापणीसमोरच होती.

गाल अर्धा-पाऊण इंच मागे घेतला असता तर कुणाला कळलं असतं? मान जरा ताठ ठेवायची, दणका बसेपर्यंत डोकं खेचून घ्यायचं. वर्कशॉपात रिकाम्या वेळी आम्ही असले प्रकार केलेले होते. पण मग काहीच झालं नसतं, माझ्यानंतर अरबाब त्याच रेघेवर गाल ठेवून झोपला असता आणि त्याचा डोळा गेला असता. त्याचा डोळा गेला की दौलतचं सगळं गेलं. आणि मी गाल हलवला नाही तर? माझं पोट या उजव्या डोळ्यावर चालतं. मला दुसरं काही येत नाही. मी घाबरलो होतो, हे कबूल करायला मला संकोच नाही.

मी डोळा घट्ट मिटला, गाल रेघेवर दाबला आणि घोडा ओढला.

आवाज ऐकल्याचं आठवत नाही. कपाळात कुणीतरी पाटा घातल्यासारखं झालं. हात लावला तर बोटं लाल झाली. नाकावरून, ओठावरून रक्त गालिच्यावर टपकलं. आधी डोळा उघडून पाहिला. दिसत होतं. तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

कुणी हसलं नाही. अरबाबने डोक्यावरचा पांढरा रुमाल, गुत्रा, काढला, घडी केली आणि स्वतः माझ्या भुवईवर दाबून धरला.

"खलास," तो म्हणाला. "निकालो इसको. तुम कौन सा देते?"

मी दहा पॉवरचा सोबत आणला होता, शेठला न विचारता. दौलतने माझ्या कपाळाला कापड बांधलं, मी एका डोळ्याने स्क्रू सोडले आणि आवळले. अरबाब वीस मिनिटं निमूट पालथा पडून राहिला. पुढे, मागे, जरा पुढे. या वेळी मी त्याच्या मानेचं माप घेतलं. पहिल्या दोन गोळ्यांत मी नेम जुळवून दिला, तिसऱ्या गोळीला प्लेट खणकन वाजली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. शेठ सगळ्यात जोरात वाजवत होता.

टाके घालायला मला दौलत घेऊन निघाला. अर्ध्या वाटेत तो बोलला.

"मधूदादा, एक सांगू? रागावाल तुम्ही."

"सांग."

"मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"अरबाबाला तो बसणार नाही ते. रोज त्याला आरशात बघतो मी, मागच्या सीटवर. त्याची मान मला नाही ठाऊक तर कुणाला?"

मी कापड बाजूला करून त्याच्याकडे पाहिलं. "मग दुकानात बोलला का नाहीस, गाढवा?"

त्याने गाडीचा वेग कमी केला. नजर रस्त्यावरच होती.

"तुम्ही माझा गाल धरून सरळ केलात. मग विचारलंत, आता दिसतंय का, आणखी जरा मागे घेऊ का. चारदा विचारलंत." "एकोणीस वर्षं झाली इथे. कपडे घालतो ते अरबाबाच्या मुलांचे जुने. खाट आहे ती आधीच्या ड्रायव्हरची, माझ्यापेक्षा हातभर लांब. कुणीतरी पहिल्यांदा माझ्या मापाचं काहीतरी करत होतं. मला मधेच नको म्हणवेना."

मी त्याला आईवरून एक सणसणीत शिवी दिली. त्याने हाताच्या पाठीने डोळे पुसले. दवाखान्याच्या दारात गाडी लावताना त्याने विचारलं, "आत विचारतील, कसं लागलं. काय सांगायचं?"

"पडलो म्हणून सांग," मी म्हणालो, आणि उतरायला त्याचा खांदा धरला.