मिटल्या डोळ्यांचा वर्ग

शिवलीला कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. कंबर धरलेली, मान आखडलेली माणसं दिवसभर तिच्या हाताखालून जायची. काहींचं दुखणं कितीही व्यायाम केला तरी हटत नसे. अशांसाठी आणखी काही करता येईल का, हे शोधत ती धारवाडला विरूपाक्ष सरांकडे पोचली. सर परदेशातल्या एका इस्पितळात सजगतेचं ध्यान शिकवण्याचं प्रशिक्षण घेऊन आले होते. त्यात देव नव्हता, जप नव्हता, गुरुमंत्र नव्हता. निवांत बसायचं, श्वास येतो-जातो तिकडे लक्ष ठेवायचं आणि अंगात जे जाणवेल ते नुसतं बघायचं. माहेर सीमेकडचं असल्यानं शिवलीलाला कन्नड चांगलं यायचं. सरांचं बोलणं तिला आपल्या घरातलंच वाटायचं. रजा काढून ती धारवाडला जात राहिली. तिची स्वतःची जुनी डोकेदुखी त्यात उतरली आणि मग तिचा विश्वासच बसला.

सासूबाई अक्काताई रोज गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा करायच्या. त्यांनी एकदाच विचारलं, आपल्या पूजेत काय कमी पडलं म्हणून हे नवीन काढलंस? शिवलीलानं सांगितलं की ही पूजा नव्हे, लक्षाचा व्यायाम आहे, आणि यानं कुणाचं वाईट काही होत नाही. हे शेवटचं वाक्य सरांचं होतं. ते प्रत्येक शिबिरात म्हणायचे.

हे आपणही शिकवायचं, असं तिनं ठरवलं. शिक्षक म्हणून मान्यता हवी तर एक अख्खा वर्ग स्वतःच्या गावात घेऊन दाखव, असं सरांनी सांगितलं. दोन हजार चारच्या दिवाळीनंतर दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिचा वर्ग सुरू झाला. बँकेतले, शाळेतले, दोन-तीन गृहिणी अशी माणसं जमली. त्यांत लालासाब होते. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. पूर्वी मालट्रक चालवायचे, आता टायरच्या दुकानात बसायचे. रक्तदाब खाली येईना म्हणून डॉक्टरांनी त्यांना पाठवलं होतं. त्यांची बायको लालबी सोबत यायची आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायची.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी डोळे मिटले, लालासाबांनी मिटले नाहीत. ते दाराकडे बघत बसले. शिवलीलाला वाटलं, लाजत असतील. पुढच्या आठवड्यात ती मुद्दाम त्यांच्याजवळ गेली.

"लालासाब, मिटा की डोळे. काही होत नाही."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि डोळे मिटले.

शिवलीला संथ आवाजात सांगू लागली. आता लक्ष पायाच्या तळव्यांकडे न्या. आधी डावा. आता उजवा.

लालासाबांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. मग आणखी दाबला गेला. खुर्ची मागं सरकली. दोन्ही हात समोर हवेत काहीतरी घट्ट धरून एका बाजूला वळत होते, आणि तोंडातून बारीक, लहान मुलासारखा आवाज येत होता. शिवलीला शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "जे येतंय ते येऊ द्या. फक्त बघत राहा."

तेव्हा ते ओरडले. "अझीम, उडी मार!"

सगळी माणसं उठून भिंतीला लागली. लालासाब खुर्चीसकट पडले, तरी पाय दाबतच होते. पुढं काय करायचं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ती नुसती उभी राहिली.

लालबी धावत आत आली. जमिनीवर बसून तिनं नवऱ्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "डोळं उघडा. हिकडं बघा. कोल्हापुरात हाय तुमी. म्या हाय." हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. हळूहळू पाय ढिला पडला.

मग तिनं वर पाहिलं. "बाई, ह्येंला डोळं मिटायला कुणी सांगिटलं?"

"मीच," शिवलीला म्हणाली.

लालबी नवऱ्याला उठवून जिन्यानं खाली घेऊन गेली.

त्या दिवशीचा वर्ग तिथंच संपला. शिवलीलानं धारवाडला फोन लावला. घडलेलं सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं आणि ते म्हणाले, घाबरू नकोस, कधीमधी असं होतं. माझ्याही वर्गात झालंय, परदेशातही पाहिलंय.

"सर, मग आम्हाला कधी सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला धजला असता का?"

तिनं फोन ठेवला. लालासाबांच्या किंकाळीनं ती हादरली होती, पण या उत्तरानं तिच्या पायाखालची जमीनच सरकली. ज्या आवाजावर भरवसा ठेवून ती इतरांना डोळे मिटा म्हणत होती, त्या आवाजाला सगळं आधीच ठाऊक होतं.

दोन दिवसांनी ती लालासाबांच्या घरी गेली. ते तिच्यापुढं आले नाहीत. लालबीनं चहा दिला आणि दारात बसूनच सांगितलं. गगनबावड्याच्या घाटात मालट्रकचा ब्रेक गेला होता. शेजारी धाकटा भाऊ अझीम होता. लालासाब वाचले, तो वाचला नाही. तेव्हापासून घरात रात्री दिवा जळतो, आणि लालबी जागी असल्याशिवाय ते पापणी मिटत नाहीत. शिवलीलानं हात जोडून माफी मागितली. शहरातल्या एका मानसोपचार डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं आणि त्यांच्याकडे स्वतः घेऊन जाते म्हणाली. आतून लालासाबांचा आवाज आला, "न्हेऊ देत की. हितं बसून तरी काय हुतंय?"

वर्गाचे उरलेले आठवडे पुरे करून मान्यतेसाठी ती धारवाडला गेली तेव्हा नवीन मुलामुलींची तुकडी समोर बसली होती. अनुभव सांग, असं सरांनी म्हटलं. तिनं सगळं सांगितलं, फोनवरचं बोलणंही. सर खाली बघत होते. मान्यता त्यांनी दिली, पण जेवायला थांब म्हणाले नाहीत.

कोल्हापुरात तिनं नवा वर्ग सुरू केला. आता ती प्रत्येकाला आधी एकटं बोलावून विचारते, मागं काही सोसलंय का. डोळे उघडे ठेवले तरी चालतील, केव्हाही उठून गेलं तरी चालेल, हे आधी सांगते. एवढं करूनही पहिले शब्द बोलताना तिची नजर आधी सगळ्यांच्या पायांकडे जाते. ती सवय अजून गेलेली नाही.

लालासाब वर्गाला परत आले नाहीत. डॉक्टरबाईंकडे मात्र नेमानं जात राहिले. पुढच्या उन्हाळ्यात नवीन वर्गाच्या पहिल्या दिवशी दारात लालबी एकटीच उभी होती. शिवलीला दचकून पुढं झाली, काही झालं का म्हणून.

"काय न्हाय झालं," लालबी म्हणाली, आणि चप्पल काढून आत आली. "ह्येंचं बरं चाललंय. आता जरा माझं बघायचं हाय."