स्कूटरचा माग

सोमा निडीला बहिणीकडे लपला आहे, हे हेमांगीने कुणालाच सांगितलं नव्हतं. ती पेणची वकील. वाडीच्या जमिनीची मोजणी अडवली म्हणून सोमावर गुन्हा दाखल झाला होता आणि त्याच्या अटकपूर्व जामिनाचं काम तिच्याकडे होतं. ती स्कूटरवरून एकटीच जाऊन त्याला भेटून आली. ती घरी पोचायच्या आतच पोलिसांनी त्याला उचललं.

सकाळी ती कोलाडजवळच्या वाडीवर सोमाच्या बायकोला भेटायला गेली. जानी चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"ताई, तुमच्याबिगर कुनाला ठाव नव्हतं," ती म्हणाली. "आता येऊ नका."

पेणला येताच हेमांगीने गॅरेजमध्ये स्कूटर उघडायला लावली. सीटखाली, बॅटरीच्या वायरींना जोडलेला एक छोटा काळा डबा निघाला.

"जीपीएस आहे, मॅडम. गाडी कुठे जाते ते मोबाईलवर दिसतं," मेकॅनिक म्हणाला. "सीट चावीनेच उघडलीय."

दुसरी चावी घरी होती. घरात ती आणि धाकटा भाऊ निमिष, दोघंच.

निमिष जेवत होता. तिने डबा त्याच्या ताटाशेजारी ठेवला. त्याचा हात थांबला.

"पोलीस स्टेशनच्या साहेबांनी बोलावलं होतं," तो म्हणाला. "म्हणाले, तुझ्याच बहिणीच्या भल्यासाठी लक्ष ठेवायचंय. माझं पासपोर्टचं व्हेरिफिकेशन त्यांच्याकडेच अडकलं होतं. मग मीच तो बसवला."

"कोर्टाचा आदेश दाखवला?"

"मी मागितला नाही."

"मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

आई गेल्यापासून हेमांगी कधीकधी संध्याकाळी खाडीच्या कडेला जाऊन रडून यायची. घरात कुणाला कळू नये म्हणून इतक्या लांब जायची. तेही कुणीतरी मोबाईलवर पाहत बसलं होतं.

तिने डबा कोर्टापुढे ठेवला. पोलिसांना एकही लेखी आदेश दाखवता आला नाही. डबा आमचा नाहीच, असं ते म्हणाले. निमिषने साक्ष द्यायला नकार दिला. सोमाला जामीन मिळाला, पण डबा कुणी लावला हे सिद्ध झालं नाही.

सुटल्यावर सोमा रोह्याच्या कोर्टाबाहेर तिच्यापाशी आला.

"केस तुम्हीच चालवा, ताई. पन वाडीवर नको."

"डबा काढलाय, सोमा."

"व्हय. पन तो लावनारा तुमच्या घरातच हाय ना?"

हेमांगीने होकारार्थी मान हलवली. पुढची तारीख सांगून ती एसटी स्टँडकडे चालू लागली.