सोमवारचा शब्द

उपयोग.

“ॲक्चुअली, साखर कमीच टाकत जा.”

गौरम्माचा हात डब्यातच थांबला. नवऱ्याच्या, सिद्धलिंगप्पांच्या तोंडी हा शब्द? चादरी विकण्यात जन्म गेलेला माणूस. गिऱ्हाइकाशी मराठी, चिडले की कन्नड. इंग्रजीशी संबंध दुकानातल्या ‘फिक्स रेट’च्या पाटीपुरता.

शेजारच्या चंद्रव्वाला तेवढंच पुरलं. “या वयात विंग्रजी शिकवनारी गाठ पडली म्हन की!”

गौरम्मा हसली. शब्द मात्र डोक्यातून गेला नाही.

दर सोमवारी ते सिद्धेश्वराला जायचे. या सोमवारी परतले तेव्हा तिनं आधी कपाळ पाहिलं. विभूती सकाळची, घरचीच; देवळातली ताजी नव्हती. घामानं पुसलेली.

“देवळातच गेल्ताव न्हवं?”

“ॲक्चुअली, गर्दी लई हुती.”

बोलताना त्यांनी क्षणभर डोळे मिटले. ते मिटणं तिच्या ओळखीचं होतं.

उगम.

हा शब्द घरात आणला लेकीनं, श्रीदेवीनं, कॉलेजातून. अवघड काही बोलायचं असलं की ती आधी डोळे मिटायची.

“ॲक्चुअली म्हंजी काय गं?”

“खरं सांगायचं तर.”

“मग आतापातुर खोटंच सांगत हुतीस व्हय?”

दोघी ओट्याला टेकून हसल्या होत्या.

नंतर एकदा याच ओट्याशी तिनं डोळे मिटले. “अव्वा, ॲक्चुअली मी सतीशशी लग्न केलंय.”

सतीश बौद्ध. सिद्धलिंगप्पांनी भिंतीवरचा लेकीचा फोटो उतरवला, शपथ घातली: या घरात तिचं नाव निघायचं नाही. गौरम्मानं काढलं नाही. चार वर्षं. दोन माणसांच्या स्वयंपाकात हात तिसऱ्या ताटाकडे गेला, तर तो मागं घेतला.

आणि हे? शपथ घालणारे? एकटेच जाऊन लेकीला भेटतात? तिची बोली जिभेवर बसेपर्यंत?

अर्थ.

दुसरी बाई असती तर परवडली असती.

पुन्हा उपयोग.

पुढच्या सोमवारी सिद्धलिंगप्पा खाली उतरले, तर स्कूटरजवळ गौरम्मा उभी. ठेवणीतली इरकल नेसून.

“कुटं गं?”

“देवळात.” तिनं डोळे मिटले. “ॲक्चुअली.”

ते हातातल्या किल्लीकडे बघत राहिले. मग खिशातून रुमाल काढला आणि मागची सीट पुसू लागले. सीट स्वच्छच होती.